‘हेस्टर स्ट्रीट’मधला काडीमोड

दिग्दर्शिका जोन मिक्लिन सिल्व्हर यांच्या ‘हेस्टर स्ट्रीट’ या सिनेमाचा (१९७५) विषय निघाला की ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ हे पालुपद ठरलेलं. मला ते पटत नाही. हा सिनेमा रोख व्यवहाराचा आहे, आणि ते कळायला शेवटाकडचा घटस्फोट कळावा लागतो.

१८९६ चं न्यूयॉर्क, लोअर ईस्ट साइड. रशियातून आलेला येकल आता ‘जेक’ झालाय, शिवणकामाच्या कारखान्यात राबतो, मॅमी नावाच्या दुसऱ्याच बाईच्या मागे आहे. मागाहून बायको गिटल मुलाला घेऊन येते, डोक्यावर लग्न झालेल्या धार्मिक ज्यू बायका घालतात तो केसांचा टोप, आणि याला तिची लाज वाटते. पोराचे धर्माच्या रीतीने राखलेले कानाजवळचे केस कापून तो योसेलचा जोई करून टाकतो.

आता ‘गेट’, म्हणजे ज्यू धर्मकायद्यातला घटस्फोटाचा कागद. नवऱ्याच्या सांगण्यावरून लेखनिक तो हाताने बारा ओळींत लिहितो, दोन साक्षीदार सह्या करतात. माणूस ज्या ज्या नावांनी ओळखला जातो ती सगळी त्यात यावी लागतात; नावात घोळ झाला तर गेटच धोक्यात. (टाकून दिलेला ‘येकल’ इथे पुन्हा दप्तरी लागतो!) नवरा तो कागद बायकोच्या ओंजळीत टाकतो. तो त्याच दिवशी बोहल्यावर चढू शकतो; तिला मात्र किमान ९० दिवस थांबावं लागतं, पोटात मूल असलंच तर बाप कोण ही शंका राहू नये म्हणून.

वाटतं, सगळं नवऱ्याच्या हातात. पण युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये रब्बेनू गेर्शोम या धर्मपंडिताच्या नावाचा सुमारे हजार वर्षं जुना दंडक आहे: बायकोच्या संमतीशिवाय तिला गेट देता येत नाही. म्हणून तर जेकला घटस्फोट हवा असताना गिटलच्या संमतीसाठी त्याच्या बाजूचा वकील रक्कम बोलतो, गिटल गप्प. आकडा चढतो, ती तरीही गप्प. आणि हे पैसे मॅमीच्या साठवणीतले! कॅरोल केनला ऑस्करचं नामांकन मिळालं. माझ्या मते ते या गप्प बसण्यासाठीच.

निर्मितीला पैसा बेताचा होता. ग्रीनिच व्हिलेजमधल्या मॉर्टन स्ट्रीटवर जुना बाजार उभा केला, चित्रण कृष्णधवल. संवाद बरेचसे यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, खाली सबटायटल्स. जेक मधेच इंग्रजीवर उडी मारतो तिथे कान द्या.

खटकतं ते असं की नाचाच्या क्लासचे प्रसंग लांबलेत आणि जेक एकसुरी झालाय. अब्राहम काहान यांच्या ‘येकल’ (१८९६) या मूळ लघुकादंबरीत गोष्ट बरीचशी त्याच्या बाजूने येते, त्याची घालमेल समजते. सिनेमाने गिटलचा पक्ष घेतला, ते उत्तमच केलं, पण त्यापायी नवऱ्याला पार उथळ करून टाकलं.