मग त्या निघून का गेल्या नाहीत? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

काबूलच्या यादवीत एकाच नवऱ्याच्या घरात दिवस काढणाऱ्या सवतींच्या मैत्रीवर मी लिहिलं होतं. त्यावरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा, की ही मैत्री म्हणजे तुरुंगाची झालेली सवय आहे आणि तिचं कौतुक म्हणजे बायकांच्या सोसण्याला हार घालणं. शिवाय तुम्ही विचारता, की त्यांचा एकमेकींवर एवढा जीव होता, तर त्या मिळून निघून का गेल्या नाहीत?

तुमचा राग मला पटतो. बाईला ‘सोशिक’ म्हणून तिच्या हालांवर पांघरूण घालायची खोड फार जुनी आहे. पण निघून जाण्याच्या प्रश्नाशी मी अडते. निघून जायचं ते कुठे?

नवऱ्याचा हात थोडाफार आवरतो तो बायकोच्या बापाच्या, भावांच्या धाकाने. युद्धाने आधी तोच आधार नेला. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत ६० लाखांच्या आसपास अफगाण माणसं पाकिस्तानात आणि इराणमध्ये जाऊन पडली. १९९२ मध्ये सोव्हिएतांच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्लांचं सरकार कोसळलं, तेव्हा सोव्हिएत फौजांशी लढलेले मुजाहिदीनांचे गट काबूलच्या वस्त्यांवरच रॉकेटं डागू लागले. भाऊ मारला गेलेला, आईवडील पेशावरकडच्या छावणीत, अशा बाईने मार खाल्ला तर जाब विचारायला येणार कोण?

मग मुलं. अफगाणिस्तानच्या १९७७ च्या नागरी कायद्यात मुलगा ७ वर्षांचा आणि मुलगी ९ वर्षांची होईपर्यंत आईकडे राही, पुढे ताबा बापाचा. पुरुषाला बायको सोडायला तोंडचे शब्द पुरत. बाईला मात्र न्यायालयात जाऊन छळ सिद्ध करावा लागे, साक्षीदार उभे करावे लागत. चार भिंतींतल्या मारहाणीला साक्षीदार कोण असणार? बहुतेक वेळा घरातली ती दुसरी बाईच. आणि तीही त्याच माणसाच्या अन्नावर जगणारी.

२७ सप्टेंबर १९९६ ला तालिबानने काबूल घेतलं. त्यानंतर महरम, म्हणजे नवरा, बाप, भाऊ, मुलगा असा जवळचा पुरुष सोबत नसताना रस्त्यावर दिसलेल्या बाईला फटके बसू लागले. पळायचं तर त्या नवऱ्यालाच सोबत घेऊन पळावं लागलं असतं! पुढे तालिबान गेले, नवी राज्यघटना आली, तरीही २०१२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४०० स्त्रिया आणि मुली ‘नैतिक गुन्ह्यां’साठी कैदेत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी छळाला किंवा बळजबरीच्या लग्नाला कंटाळून घर सोडलेल्या. घरातून पळून जाणं हा तिथल्या दंडसंहितेत गुन्हाही नव्हता.

म्हणून त्या घरात काय चाललं होतं ते जवळून पाहावं लागतं. सगळ्या सवती मैत्रिणी होत नाहीत, हे मला माहीत आहे. पुष्कळ घरांत थोरलीने धाकटीला मोलकरणीसारखं राबवलं, धाकटीने थोरलीला उपाशी झोपवलं. त्या भांडणावर नवऱ्याची सत्ता फुकटात चालते. म्हणूनच जिथे दोघींनी ते भांडण नाकारलं, तिथे माझी नजर थांबते. एकीने मारातलं अर्धं अंगावर घेणं, दुसरीच्या तान्ह्याला रात्रभर सांभाळणं, तिच्यासाठी खोटं बोलणं, तिच्या मुलीला चोरून अक्षरं शिकवणं. याला तुम्ही सवय म्हणता. मी याला प्रतिकार म्हणते, आणि तो जिंकेलच असा माझा दावा नाही.

घराबाहेरही हे दिसतं. काबूलच्या एका टेकडीवर १९९० च्या दशकापासून युद्धातल्या विधवांनी स्वतः मातीची घरं उभारली. दिवसा पोलीस पाडत, म्हणून रात्री बांधत. त्या वस्तीला झनाबाद म्हणतात, बायकांची वस्ती. पश्चिमेकडच्या हेरात शहरात तालिबानच्या राज्यात शिवणवर्गाच्या नावाखाली बायका जमत, पिशवीत वर कापड आणि खाली वह्या-पुस्तकं. शिवणाला मनाई नव्हती, साहित्य शिकण्याला होती. तिथे शिकलेल्या नादिया अंजुमनचा पहिला कवितासंग्रह २००५ मध्ये आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती गेली, विशीतच. मैत्रिणींनी तिची कविता जगवली, तिला वाचवणं त्यांच्या हातात नव्हतं. ही मर्यादा मी लपवत नाही.

आणि सोसणं म्हणजे गप्प राहणं, हेही खरं नाही. पश्तून बायकांची लांडई ऐका: दोन ओळी, २२ अक्षरं, रचणारीचं नाव नाही. जात्यावरच्या ओवीसारखीच ती एकीकडून दुसरीकडे जाते, आणि म्हाताऱ्या, नकोशा नवऱ्याची तीत जी खरडपट्टी निघते ती कुठल्याही भाषणाला जमणार नाही.

‘कायदे बदलायचं बोला, मैत्रीचं काय घेऊन बसलात,’ असंही तुम्ही लिहिलंय. कायदा हवाच. २००९ मध्ये स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिथे वटहुकमाने आला, मारहाणीतून सुटलेल्या बायकांसाठी निवारेही चालू होते, ते चालवणाऱ्याही बायकाच. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले आणि ते निवारे बंद झाले. स्त्री-मंत्रालयाची इमारत सदाचाराचा पहारा करणाऱ्या खात्याला मिळाली. जुलै २०२३ मध्ये ब्यूटी पार्लरही बंद करायला लावली. बायकांनी पुरुषांच्या नजरेबाहेर बसून बोलण्याच्या ज्या थोड्या जागा उरल्या होत्या, त्यांतली ती एक होती. आज रात्री काबूलमध्ये मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला शेजारीण, जाऊ किंवा सवत दार उघडेल तेवढाच आसरा आहे. दार उघडणारीही त्यात मार खाण्याची जोखीम घेते. तुमचा आक्षेप वाचूनही मी तिच्याबद्दल लिहिणं सोडणार नाही.