गोल्ड आणि हळद नात्यातले आहेत

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला, की 'गोल्ड' हा शब्द इंग्रजांनी आपल्या 'गोल' वरून उचलला, कारण नाणी गोल असतात. मला याचा खरंच त्रास होतो, कारण खरी गोष्ट याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे. गोल्ड आणि येलो एकाच मुळातून आलेत, पिवळं, चमकणारं असा त्या मुळाचा अर्थ, आणि त्याच मुळातून संस्कृतातलं हिरण्य आलं, हरिद्रा आली म्हणजे आपली हळद, आणि फारसीतलं झर, जे आपल्याकडे पैठणीच्या पदरात जर होऊन बसलंय. कोणी कोणाचं चोरलेलं नाही, सगळी चुलत भावंडं आहेत. आपलं 'सोनं' मात्र वेगळ्या घरातलं, ते सुवर्णवरून, म्हणजे चांगल्या रंगाचं.

आडनावांचंही तेच. गोल्डस्मिथ म्हणजे सरळ सोनार, पण म्हणून गोल्डबर्गचे पूर्वज पण सोनारच असणार हे धरून चालू नका. १७८७ मध्ये ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफ सम्राटाने ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायची सक्ती केली, त्याआधी बहुतेकांचं बापाच्या नावावर भागायचं, मग अशा वेळी कित्येक घरांना नुसती कानाला गोड लागणारी नावं लागली, सोन्याचा डोंगर, सोन्याचा दगड अशी. आणि हॉलिवूडचा निर्माता सॅम्युअल गोल्डविन! वॉर्सात जन्मला तेव्हा आडनाव गेलबफिश, गेलब म्हणजे पिवळा (परत तेच मूळ बघा), इंग्रजीत त्याचं झालं गोल्डफिश, १९१६ मध्ये सेल्विन बंधूंबरोबर कंपनी काढली तर दोन्ही आडनावं जोडून गोल्डविन, आणि ते इतकं आवडलं की स्वतःलाही तेच लावून घेतलं. एमजीएम या फिल्म कंपनीच्या नावातला जी म्हणजे हेच गोल्डविन.

मागच्या आठवड्यात बहिणीची अंगठी घ्यायला गेलो तेव्हा सराफांनी भिंग हातात दिलं. आतल्या बाजूला बारीकसा त्रिकोण, शेजारी २२के९१६, आणि पुढे सहा अक्षरं-आकड्यांचा कोड. आपण रोज हॉलमार्क हॉलमार्क म्हणतो पण तो हॉल खराखुरा आहे, लंडनच्या सोनारांच्या संघाचा, गोल्डस्मिथ्स हॉल. इंग्लंडमध्ये १३०० साली कसाचा कायदा झाला, तपासलेल्या मालावर बिबट्याच्या तोंडाचा ठसा मारायचा. आधी संघाची माणसं दुकानोदुकानी फिरायची, १४७८ पासून कारागिरांनीच माल घेऊन हॉलवर यायचं असं ठरलं, आणि हॉलवर मारलेली खूण तो हॉलमार्क. आजही तिथे तपासणी चालते. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांची रांग आपल्या बोटातल्या अंगठीवर नावानिशी आहे, हे मला फार मोठं वाटतं.

आणि त्या २२के मधला कॅरेट म्हणजे मुळात एका झाडाची बी. ग्रीक लोक कॅरोबच्या शेंगेला 'छोटं शिंग' म्हणायचे, तिच्या बियांनी तोलायचे, रोमनांचं सॉलिडस हे सोन्याचं नाणं अशा २४ वजनांचं, म्हणून शुद्ध सोनं २४ कॅरेट. आपल्याकडे हेच काम गुंजेनं केलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आजीच्या पितळी डबीत अजून मूठभर गुंजा आहेत, लालभडक, डोक्यावर काळा ठिपका. काल भाचीला त्या मोजायला दिल्या, शहाण्णव भरल्या नाहीत.