आवंढा गिळा, आवंढा गिळू नका

थायरॉईडची गोळी अनशापोटी घ्यायची आणि पुढचा अर्धा-एक तास चहाचं नाव काढायचं नाही, हा नियम करणारा माणूस आमच्या घरी सकाळी कधी आलेला नाही. आल्याचा वास सुटलाय, नवरा मुद्दाम (त्याच्या मते सहज) बशीतून फुर्र फुर्र करत पितोय आणि मी मोबाईलवर गळ्याची चित्रं बघत बसलेय, दुसरं करणार काय. त्यामुळे मला गळ्यातलं बरंच कळायला लागलंय आणि त्याचा त्रास घरच्यांना होतोय.

तपासणीच मुळात विचित्र. डॉक्टर खुर्चीच्या मागे गेले, मागून दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली आणि म्हणाले, रिलॅक्स, आवंढा गिळा. कोणी मागून गळा धरल्यावर रिलॅक्स कसलं डोंबल, तोंडाला कोरड पडली, शेवटी पाणी देऊन घोट घोट गिळायला लावलं. ही ग्रंथी श्वासनळीला आणि स्वरयंत्राला बांधलेली असते म्हणे, गिळताना ते वर गेले की ही पण वर जाते, मग बोटांना कळते. तिथून सोनोग्राफी. खांद्याखाली उशी, मान मागे, गळ्यावर गार जेल आणि तिथली मुलगी म्हणते, आता गिळायचं नाही हं. झालं! मघाशी गायब असलेली लाळ सगळी आत्ताच आली.

आणि हे सगळं जेमतेम २० ग्रॅमच्या वस्तूसाठी. ठुशी बसते साधारण तिथेच, श्वासनळीच्या दोन बाजूंना दोन लोब आणि मधे जोडपट्टी. गर्भात ती जिभेच्या मुळाशी तयार होते आणि मग खाली गळ्यात उतरते, हे मी कौतुकाने सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "तुझी अजून जिभेवरच असेल, नीट बघ म्हणावं."

मला सगळ्यात आवडली ती आवाजाची नस. जायचंय फक्त स्वरयंत्रात, पण डावीकडची नस आधी गळा ओलांडून थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि थायरॉईडच्या मागून परत वर येते, म्हणजे शिवाजीनगरहून डेक्कनला हडपसरमार्गे नेणारी रिक्षाच. जिराफातही हाच प्रकार, तिथे तर हा हेलपाटा काही मीटरचा, आणि गंमत म्हणजे मानेचे मणके त्यालाही ७ आणि मलाही ७. ऑपरेशनमध्ये सर्जन ही नस जपतात, दुखावली तर आवाज बसतो. इथे नवऱ्याने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे कुठली, डावी ना?"

थायरॉईडच्या मागे पॅराथायरॉईडच्या बहुतेक ४ चिमुकल्या ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. कॅल्शियम निघालंच म्हणून सासूबाईंना सांगितलं (थायरॉईडची गोळी त्यांनाही आहे, आणि त्या दोन्ही गोळ्या एका घोटात उरकतात) की दोन्हींत ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषलीच जात नाही, लोहाच्या गोळीचंही तसंच.

त्यांनी गोळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "बीपीची, शुगरची, गुडघ्याची, ॲसिडिटीची, ही तुझी उपाशीपोटीची आणि हे कॅल्शियम. बसव सगळं. आणि जेवायचं कधी, ते पण लिहून दे."