पासपोर्ट आम्ही पण बदललाच की

नोव्हेंबरात आमच्या भावंडांच्या ग्रुपवर जे पेटलं ते अजून धुमसतंय. निमित्त फुटबॉलचं. रायन विल्यम्स, ऑस्ट्रेलियात पर्थला वाढलेला, तिकडचा पासपोर्ट सोडून भारतीय झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात भारताच्या कॅम्पला गेला. आईकडचं घराणं मुंबईचं अँग्लो-इंडियन, आजोबा बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी खेळलेले, म्हणजे अगदीच कुठला कोण असंही नाही. पण सांगलीचा आमचा दादा (मामेभाऊ, मोठा, रिटायर्ड, वेळच वेळ) सकाळी सकाळी लिहून मोकळा, "एकशेचाळीस कोटीत अकरा पोरं मिळेनात व्हय?" वहिनीने उत्तर टाकलं की जिंकले तर तुम्हीच पेढे वाटाल. मग भाच्याने मला ओढलं मध्ये, "मावशी, आपल्याकडे पण माल आहे की, पाठव तिला भारताकडून बर्फावर नाचायला." खाली हसून लोळणाऱ्या इमोज्या.

माल म्हणजे माझी लेक. वय तेरा, मिशिगनमध्ये जन्मलेली, फिगर स्केटिंग करते. आधीच सांगते, ती ऑलिंपिकच्या आसपासची पण नाहीये, आमच्या रिंकवरच तिच्यापेक्षा भारी अशा सात-आठ मुली आहेत आणि त्यातल्या एकीचंही नाव तुम्ही कधी ऐकणार नाही. पण या खेळात देश बदलणं हा विषय इतका रोजचा आहे की ग्रुपवरची चर्चा वाचून मला वाटलं, अरे हे लोक नक्की कशावर भांडतायत?

म्हणजे बघा. पहाटे पावणेसहाला आम्ही रिंकवर. बाहेर उणे बारा, आत त्यातल्या त्यात उबदार म्हणायचं. झॅम्बोनी (बर्फ गुळगुळीत करायची गाडी) नुकती फिरून गेलेली असते, बर्फ ओला चकचकीत, आणि पहिलं पोर उतरलं की ब्लेडचा तो खर्रकन आवाज. आम्ही आया काचेमागे. माझ्या थर्मासात आल्याचा चहा, शेजारच्या कोरियन बाईच्या थर्मासात बार्लीचा. त्या बाकावर तासभर जे काही बोलणं चालतं त्यात अभ्यास असतो, गुडघे असतात, बुटांच्या किमती असतात (बूट आणि ब्लेड मिळून हजार डॉलरच्या वर आणि पाय वाढला की पुन्हा), आणि हमखास हेही असतं की अमक्याची मुलगी आता आजीच्या देशाकडून उतरणार आहे. कुणी भुवया उंचावत नाही. फक्त एवढंच विचारतात, रिलीज मिळाला का?

कारण गणित साधं आहे. वर्ल्ड चॅम्पियनशिपला एका देशाच्या एका प्रकारात जास्तीत जास्त तीन एंट्र्या. अमेरिकेत त्या तीन जागांमागे शेकडो मुली लागलेल्या. ज्या मुलीचा इथे दहावा नंबर येतो ती दुसऱ्या एखाद्या देशात सहज पहिली. मग जुन्या देशाकडून सुटका (तोच तो रिलीज), ठराविक काळ स्पर्धेबाहेर बसणं, नव्या देशाच्या फेडरेशनची मान्यता, हे केलं की झालं. जोडीच्या प्रकारात तर इतर स्पर्धांना दोघांपैकी एकजण त्या देशाचा असला तरी चालतो. ऑलिंपिकला मात्र चालत नाही, तिथे दोघांकडे पासपोर्ट पाहिजे, आणि खरं रडगाणं तिथून सुरू होतं.

आमच्याच राज्यातलं उदाहरण देते. इथून दोन तासांवर कॅलामझू म्हणून गाव आहे, तिथले रीड. आई जपानी, वडील अमेरिकन. कॅथी आणि ख्रिस ही भावंडं आइस डान्समध्ये, म्हणजे बर्फावरच्या जोडीच्या नाचात, जपानकडून खेळली, आणि धाकटी ॲलिसन जॉर्जियाकडून, कारण तिला जोडीदार जॉर्जियाचा मिळाला. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला तिघं एकाच स्पर्धेत होते, दोन वेगळ्या झेंड्यांखाली! नंतर ॲलिसन इस्रायलकडून खेळली, मग लिथुआनियाकडून. लिथुआनियन जोडीदाराबरोबर इतकी वर्षं घासली, २०२२ च्या बीजिंगसाठी देशाला जागा मिळवून दिली, पण नागरिकत्व काही वेळेत मिळालं नाही, आणि त्या जागेवर दुसरी जोडी गेली. माझ्या दादाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बरं झालं, तीन देशांकडून खेळली ती कुणाची? मला तो प्रश्न कळतो. पण त्याच वेळी असंही वाटतं की ज्या मुलीने एखाद्या देशासाठी बर्फ चाटत वर्षं काढली तिचं त्या देशाशी काहीच नातं नाही असं म्हणणं पण खोटंच आहे. नातं वंशावळीतूनच येतं असं कुठे लिहिलंय.

आणि वंशावळ असली तरी कुठे सुटका होते. झू यीचं आठवतंय का कुणाला? लॉस एंजेलिसला जन्मलेली, घरचे चिनी, अमेरिकेत बेव्हर्ली म्हणून खेळायची. २०१८ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व सोडून चीनकडून खेळायला लागली. नाव बदललं, सगळं केलं. ६ फेब्रुवारी २०२२, बीजिंग, टीम इव्हेंट, शॉर्ट प्रोग्रॅम म्हणजे पहिली, छोटी फेरी. उड्यांच्या पहिल्याच कॉम्बिनेशनला पडली आणि जाऊन आदळली ती थेट बाजूच्या भिंतीवर. तेव्हा आम्ही घरी बघत होतो, लेक तेव्हा नऊची, तिने डोळ्यांवर हात घेतले. दहा जणींत शेवटची आली. मग वेइबोवर (चीनचं ट्विटरच म्हणा) 'झू यी पडली' हाच हॅशटॅग, काही तासांत वीस कोटी व्ह्यूज, शेवटी काढून टाकावा लागला. लोकांचं म्हणणं काय तर इथे वाढलेल्या मुलीची जागा हिने खाल्ली, हिला धड चिनी बोलता येत नाही, आणि वडील मोठे प्रोफेसर म्हणून हिची निवड झाली. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटमध्ये, म्हणजे मोठ्या फेरीत, परत पडली, आणि म्युझिक संपायच्या आधीच तिला रडू फुटलेलं दिसत होतं. पुढे एकेरीतही पहिल्या चोवीसमध्ये आली नाही.

त्या टीम इव्हेंटनंतर अगदी एकदोन दिवसांत तिथेच आयलीन गू, सॅन फ्रान्सिस्कोची, फ्रीस्टाइल स्कीइंगमध्ये चीनसाठी गोल्ड जिंकली आणि सगळा देश डोक्यावर घेऊन नाचला. ती चिनी अस्खलित बोलते हे खरं, पण मला नाही वाटत लोक तिची भाषा ऐकून नाचत होते. पडली असती तर तिचेही उच्चार चुकीचे निघाले असते.

आता यात चीनला नावं ठेवून मोकळं व्हायची सोय आहे, पण आपण काय वेगळे? उलट आपली गंमत अजून मोठी आहे. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून खेळला, सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र 'आपला पोरगा' म्हणून नाचत होता. ठीक, पाकिस्तान होतं. पण पुढच्याच आठवड्यात न्यूयॉर्कला त्याने भारताच्या कोहलीला शून्यावर आणि रोहितला तीनवर काढलं, तरी आमच्या ग्रुपवर कौतुकच! दादानेच लिहिलं होतं, "शेवटी मुंबईची माती." म्हणजे भारताविरुद्ध खेळणारा आपला, कारण इथे जन्मला. आयर्लंडचा पंतप्रधान झालेला लिओ वराडकरही आपला, कारण त्याचे वडील मालवणजवळच्या वराडचे. त्याचा जन्म डब्लिनचा, मराठी येत असेल नसेल, कुणी विचारलं नाही. तो २०१९ ला गावी आला तेव्हा काय थाट झाला होता. मग त्याच न्यायाने तिकडे जन्मलेली पोर इकडून खेळायला आली की लगेच ती 'आयात केलेली' कशी होते, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

मला उत्तर माहितीये खरं तर. नेत्रावळकरने आणि वराडकरने आपल्याकडून काही मागितलं नाही. फुकटचा अभिमान, खर्च शून्य. झेंडा मागितला की हिशोब सुरू होतो.

आणि भारताचा हिशोब कडक आहे. दोन नागरिकत्वं चालत नाहीत. २००८ पर्यंत थोडं ढिलं होतं, टेनिसपटू विजय अमृतराजचा मुलगा प्रकाश अमेरिकन पासपोर्टवर भारताकडून डेव्हिस कप खेळलाय, पण त्या वर्षाअखेरीस सरकारने ठरवलं की भारतीय पासपोर्टवालाच खेळणार, आणि कोर्टानेही ते उचलून धरलं. ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) तुम्ही जमिनीचा सातबारा बघायला या, लग्नाला या, देवदर्शन करा, पण भारताची जर्सी नाही. जर्सी हवी तर तिकडचा पासपोर्ट टाका आणि इकडे येऊन वर्षभर राहा. फुटबॉलरला हे जमतं, त्याला इथे क्लब आहे, पगार आहे. स्केटरने वर्षभर भारतात राहायचं म्हणजे ऐन वयात बर्फ सोडून बसायचं.

तरी तारा प्रसादने ते केलं. तमिळ घरातली, अमेरिकेत जन्मलेली आणि वाढलेली, अमेरिकन नागरिकत्व सोडून भारतीय झाली, आपली नॅशनल चॅम्पियन झाली, २०२५ च्या फेब्रुवारीत हार्बिनच्या एशियन विंटर गेम्सला आठवी आली. आठवी! फिगर स्केटिंगमध्ये, भारताकडून. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी कसलातरी ढोकळ्याचा व्हिडिओ चालू होता. एक अवाक्षर नाही. म्हणजे तिच्यावर टीका करायला सुद्धा लोकांना ती माहीत असायला हवी ना.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं बोलायला मला तोंड नाही. मी आणि नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी अमेरिकन नागरिकत्व घेतलं. का घेतलं? देशप्रेम उतू गेलं म्हणून नाही. युरोपला जायचं तर दरवेळी व्हिसाचे कागद, नवऱ्याची नोकरी सारखी फिरतीची, आणि ग्रीन कार्डवर आईच्या आजारपणात जास्त दिवस राहिलो तर परत येताना धाकधूक. बस. एका सकाळी हॉलमध्ये दीडशे जणांबरोबर शपथ घेतली, दुपारी इंडियन दुकानातून समोसे आणले. भारतीय पासपोर्ट कॅन्सल होऊन आला तेव्हा त्याच्यावरचा शिक्का बघून पोटात हललं जरा, खोटं कशाला बोलू, पण दोन दिवसांनी ओसीआयचा फॉर्म भरायला बसलेच होते. आणि सांगलीत, पुण्यात, कुणी म्हणजे कुणीही विचारलं नाही की ताई, हे काय केलंस, निष्ठेचं काय? उलट दादाच म्हणाला, बरं केलंस, आता सुटसुटीत.

चाळिशीतल्या बाईने सोयीसाठी देश बदलला तर सुटसुटीत. आणि अठराएकोणिसाव्या वर्षी एखाद्या पोरीने उलट्या दिशेने, गैरसोय ओढवून घेऊन, अमेरिकेसारखा सोयीचा पासपोर्ट खाली ठेवला (तो सोडायची फी सुद्धा कित्येक वर्षं २३५० डॉलर होती), तर आपण विचारणार, ही खरंच आपली का?

हे मी ग्रुपवर लिहिलं. जरा चिडूनच लिहिलं. दोन तास सामसूम. मग दादाचा फोन आला, मेसेज नाही, फोन. म्हणाला, "तुझं पटतंय गं, पण माझं पण ऐक. इथल्या पोरांचं काय?" सांगलीत त्याच्या घरामागच्या मैदानावर संध्याकाळी पोरं चाकांचं स्केटिंग करतात, सिमेंटच्या गोलावर, गुडघे फुटलेले, त्यातली एखादी बर्फावर काय करेल कुणाला माहीत, तिला बर्फ मिळणारच नाही. तिकडून तयार स्केटर आली की अधिकारी फोटो काढणार, झालं आमचं काम म्हणणार. आणि इथे मी गप्प झाले, कारण यात तो शंभर टक्के बरोबर आहे. देहरादूनला २०११ मध्ये मोठा आइस रिंक बांधला, मग तो बरीच वर्षं बंदच पडून होता, २०२५ ला परत चालू झाला. मुंबईत मी कॉलेजात असताना एस्सेलवर्ल्डला बर्फाचा रिंक होता, कठडा धरून दोन चकरा मारल्या होत्या मी, जीन्स ओलीचिंब. आता तेही बंद. मेक्सिकोच्या डोनोव्हन कारियोने मॉलच्या रिंकवर प्रॅक्टिस करून बीजिंग ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत मजल मारली, फिलिपिन्सचा मायकल मार्टिनेझ मॉलमध्येच शिकून २०१४ ला सोचीला गेला. म्हणजे मॉल सुद्धा पुरतो, पण चालू तरी पाहिजे.

फक्त दादाची चूक मला एवढीच वाटते की तो राग चुकीच्या माणसावर काढतो. सांगलीच्या पोरीची जागा तारा प्रसादने खाल्लेली नाही, त्या जागेवर बसायला सांगलीत खुर्चीच नाहीये. पण हेही खरं की बाहेरून आलेल्या दहा जणी आणल्या तरी ती खुर्ची आपोआप येणार नाही. आम्ही इकडचे लोक दुहेरी नागरिकत्व द्या म्हणून याचिका फिरवत असतो, त्यात खेळाचा मुद्दा फोडणीला घालतो, पण एअरपोर्टवरची रांग वाचावी हाच मूळ मतलब. मी पण सही केलीये तसल्या एका याचिकेवर, कबूल.

भाच्याचा प्रश्न मी लेकीला गंमत म्हणून विचारला होता, गाडीत, ती बुटांच्या नाड्या सोडत होती. भारताकडून खेळशील का? वर न बघता म्हणाली, "तिकडे प्रॅक्टिस कुठे करू?" मी म्हटलं देहरादून. "ते आजीच्या घरापासून किती लांब?" मी मनातल्या मनात सांगली ते देहरादून मोजलं आणि विषय बदलला.

शनिवारी तिची टेस्ट आहे, ॲक्सेल (समोर तोंड करून घ्यायची अवघड उडी) अजून दहात चारदा बसतोय, बाकी सहा वेळा धपकन. दादाला व्हिडिओ कॉल लावायचा ठरलंय, इकडे सकाळचे आठ म्हणजे त्याच्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तो म्हणाला मैदानावरूनच बघतो, पोरांना पण दाखवतो.