एकच नाव आणि दोन संत्री

"निवडणूक असावी तर क्यूबासारखी. ना सभा, ना पैसा, ना पळवापळवी." आज सकाळी आमच्या जुन्या ग्रुपवर एका चांगल्या शिकलेल्या माणसानं हे टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. माझा चहा तसाच गार झाला. अरे, २६ मार्च २०२३ ला तिथे संसदेच्या जागा होत्या ४७० आणि उमेदवारही ४७०. सगळेच्या सगळे निवडून आले! याला निवडणूक म्हणायचं?

मी ऐकीव बोलत नाहीये. ४ मार्च १९८४ ला मी सोव्हिएत संघात, लेनिनग्राडला होते. डॉक्टर व्हायला गेलेली, अजून रशियन शिकण्याच्या वर्षात. सुप्रीम सोव्हिएतची, म्हणजे तिथल्या संसदेची, अशीच निवडणूक होती. हॉस्टेलच्या दाराशी बसणारी दझुरनाया, आम्ही तिला आजीच म्हणायचो, मला मतदान दाखवायला हौसेनं घेऊन गेली. शाळेत केंद्र, लाल कापडं, गाणी आणि बुफेत चक्क संत्री! मतपत्रिकेवर एकच नाव. मान्य असेल तर काहीच करायचं नाही, सरळ पेटीत टाकायची. नको असेल तर पडद्याआड जाऊन नाव खोडायचं. पडदा होता, टेबल होतं, पेन्सिलही होती. पण मी होते तोवर आत कोणी गेलं नाही. आत गेलेला कशाला गेला हे अख्ख्या हॉलला कळणार ना! "कुणाला दिलंस?" मी विचारलं. आजीनं नाव वाचलंच नव्हतं. दोन संत्री तेवढी माझ्या हातात ठेवली.

त्या वेळचा सरकारी आकडा: मतदान ९९.९९ टक्के.

हो, त्या सभागृहात जवळजवळ एक तृतीयांश बायका होत्या, आणि मी स्वतः तिथे फुकट शिकले. मान्य. पण ते सभागृह वर्षातून मोजके दिवस भरायचं आणि सगळे हात एकदम वर व्हायचे. बसवलेल्या माणसानं, बाई असो की बुवा, कुणाविरुद्ध तोंड उघडायचं?

क्यूबात म्हणे कम्युनिस्ट पक्ष उमेदवार देत नाही, कामगारांच्या, महिलांच्या, विद्यार्थ्यांच्या संघटनांचा आयोग यादी करतो. त्या संघटना कुणाच्या, हे विचारायचं नाही का? वर मतपत्रिकेवर एक गोल आहे, तिथे खूण केली की यादीतले सगळे एकदम मान्य. आजीची न वाचलेली मतपत्रिकाच ही!

आपल्याकडचा घोडेबाजार बघून मलाही शिसारी येते. पण घरात उंदीर झाले म्हणून कोणी घर पेटवतं का रे?

लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण सारखी आजीच आठवतेय. २६ मार्च १९८९, लेनिनग्राडला पुन्हा निवडणूक. तारीखही क्यूबाचीच बघा. गोर्बाचेव्हनं नियम सैल केले होते, तरी कित्येक ठिकाणी नाव एकच. लेनिनग्राडचा कम्युनिस्ट पक्षप्रमुख युरी सोलोव्योव्ह, पॉलिटब्युरोचा, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचा, मताचा अधिकार नसलेला सदस्य, एकटाच उभा होता. आणि पडला! निम्म्याहून जास्त लोकांनी त्याचं नाव खोडलं. एकटा उभा राहून हरलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आजीनं त्या सकाळी माझ्याकडे पेन मागितलं. पेन्सिलीवर तिचा भरवसा नव्हता. संध्याकाळी पेन परत दिलं, तेव्हा मी पुन्हा तेच विचारलं, "कुणाला दिलंस?"

"सांगायचं नसतं," ती म्हणाली. "गुप्त असतं ते."