गटाने सोडवलेली केस आणि एकट्याचे गणित : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला कॉर्पोरेट फायनान्स हा विषय गटवार केस, म्हणजे खऱ्या कंपनीचा एखादा निर्णय सोडवायला देऊन, शिकवण्याबद्दल मी लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले मुख्य आक्षेप तीन आहेत. ज्या मुलांना भांडवलाचा सरासरी खर्च (कर्ज आणि भागभांडवल यांवर कंपनीला द्यावा लागणारा सरासरी परतावा) स्वतः काढता येत नाही, ती मोठमोठ्या कंपन्यांच्या निर्णयांवर मते देऊ लागतात. पाच जणांच्या गटात एक राबतो आणि चौघे सह्या करतात. आणि ज्या सौद्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे त्याची चर्चा म्हणजे निकाल लागल्यावर सोडवलेला पेपर होय. आपली नोकरी बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात गेली असल्याने हे आक्षेप मी हलके मानत नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर देताना आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सत्राच्या पहिल्या भागात आमच्याकडे केस नसतेच. वर्तमान मूल्य (भविष्यातील रकमेची आजची किंमत), रोख्यांचे मूल्यांकन, बीटा (बाजाराच्या तुलनेत समभागाचा चढउतार), भांडवलाचा खर्च हे सारे फळ्यावर शिकवले जाते आणि प्रत्येकाकडून एकट्याने सोडवून घेतले जाते. ती चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणाचेही नाव गटात लागत नाही. त्यामुळे गणिताला फाटा देऊन चर्चा चालते, हे चित्र निदान आमच्या वर्गाला लागू पडत नाही.

मात्र गणित आले म्हणजे वित्त आले, असे मला वाटत नाही, आणि आपला खरा मतभेद इथे आहे. समजा, एका कंपनीचा पुढच्या वर्षीचा मुक्त रोखप्रवाह (खर्च आणि गुंतवणूक भागवून उरणारी रोकड) १०० कोटी रुपये आहे, भांडवलाचा खर्च १० टक्के आहे आणि रोखप्रवाह कायम दरसाल ४ टक्क्यांनी वाढेल असे आपण धरले. रोखप्रवाहाला या दोन दरांच्या फरकाने, म्हणजे ६ टक्क्यांनी, भागले की कंपनीचे मूल्य सुमारे १,६६७ कोटी येते. वाढ ५ टक्के धरली तर तेच मूल्य २,००० कोटी होते. भागाकार दोन्हीकडे बिनचूक आहे, तरी उत्तरांत ३३३ कोटींचे अंतर पडले, आणि ज्या एका टक्क्यामुळे ते पडले तो टक्का कोणत्याही सूत्रातून निघत नाही. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात तो दिलेला असतो. आपला विद्यार्थी वर्षानुवर्षे अशा दिलेल्या आकड्यांवरच वाढतो आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याला कळते की तिथे आकडे देणारे कोणीच नाही. केसमध्ये तो टक्का त्याला स्वतः निवडावा लागतो, का निवडला हे सांगावे लागते, आणि कोणी हरकत घेतली की त्याचे समर्थन करावे लागते किंवा तो सोडून द्यावा लागतो. हरकत घ्यायला दुसरा माणूस लागतो. गट करण्याचे माझ्यापुरते मुख्य कारण हेच आहे. म्हणून गटाला सरासरी काढण्याची मुभा नसते. एकाने ४ आणि दुसऱ्याने ५ म्हटले तर साडेचार लिहून मोकळे होता येत नाही; एकमत होत नसेल तर भिन्नमताची टिपणी अहवालाला जोडावी लागते, आणि कित्येकदा अहवालापेक्षा ती टिपणीच अधिक विचारपूर्वक लिहिलेली असते.

आपल्या क्षेत्रातही हेच घडत होते, असे मी नम्रपणे सुचवतो. खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे निकष देणाऱ्या टंडन समितीची दुसरी पद्धत लावून चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) १.३३ भरते की नाही, हे पाहणे क्षणाचे काम होते. पण येणी किती वसूल होतील आणि गोदामातील कोणता माल खरोखर विकण्याजोगा आहे, हे ठरवल्याशिवाय त्या गुणोत्तराला अर्थ नव्हता. मोठ्या रकमेच्या प्रस्तावाचा निर्णय एका अधिकाऱ्याच्या टेबलावर होत नसे. त्याच्या शिफारशीवर वरच्या समितीत प्रश्न विचारले जात. मला वर्गात तेच घडवायचे आहे.

शेवट ठाऊक असलेल्या सौद्यांविषयीचा आपला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. टाटा स्टीलने ब्रिटनमधील कोरस या पोलाद कंपनीसाठी ऑक्टोबर २००६ मध्ये प्रतिसमभाग ४५५ पेन्सचा प्रस्ताव दिला. डिसेंबरात तो ५०० वर नेला, तेव्हा ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीने ५१५ पेन्स देऊ केले. अखेर ३१ जानेवारी २००७ रोजी संपलेल्या लिलावात सीएसएन ६०३ वर थांबली आणि टाटा स्टीलने ६०८ पेन्सला, म्हणजे सुमारे ६२० कोटी पौंडांना, कंपनी घेतली. मूळ प्रस्तावापेक्षा ही किंमत एक तृतीयांशाने अधिक होती. पुढे मंदी आली, २०१६ मध्ये कोरसकडून आलेला स्कन्थॉर्पचा व्यवसाय नाममात्र एका पौंडाला विकला गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट टॅल्बट येथील कारखान्याची शेवटची झोतभट्टी बंद झाली.

मुलांना हे सारे माहीत असते. म्हणून त्यांच्या हाती मी लिलावापूर्वीचीच माहिती देतो आणि विचारतो, तुम्ही किती पेन्सपर्यंत गेला असता? अपेक्षेप्रमाणे बहुतेक गट फार खाली थांबतात. मग प्रत्येक आकड्यापुढे तो जानेवारी २००७ मध्ये कोणत्या माहितीवरून काढता आला असता, हे लिहायला सांगतो. तिथे खरी अडचण सुरू होते, कारण २००८ ची मंदी नकळत त्यांच्या अंदाजांत शिरलेली असते. याच टप्प्यावर दुसरी एक चूकही उघडी पडते: पौंडातील रोखप्रवाहाला रुपयातील व्याजदरांवर बेतलेला डिस्काउंट रेट (भविष्यातील रक्कम आजच्या किमतीत आणण्याचा दर) लावणे. एकट्याने सोडवताना ही चूक वहीत लपून राहते. गटात कोणीतरी विचारतेच की भारतातील महागाई ब्रिटनच्या पोलादात कुठून आली.

त्यानंतर लगेच जग्वार लँड रोव्हरची केस येते. टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये २३० कोटी डॉलरना ती कंपनी घेतली, सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि २००८–०९ मध्ये टाटा मोटर्सला सुमारे २,५०० कोटी रुपयांचा एकत्रित तोटा झाला. त्या वर्षी कोणीही हा सौदा फसला असेच म्हटले असते. पुढच्या काही वर्षांत मात्र टाटा मोटर्सच्या एकत्रित नफ्याचा मोठा भाग तिथूनच येऊ लागला. उद्योगसमूह तोच, खरेदी परदेशातली, मोठे कर्ज काढून आणि मंदीच्या तोंडावर केलेली, आणि निष्पत्ती पूर्ण वेगळी. कर्ज काढून परदेशी कंपनी घेणे वाईट, असा कोरसवरून काढलेला सिद्धान्त इथे कोलमडतो आणि निर्णय चांगला होता की फळ चांगले मिळाले, हे दोन प्रश्न मुले वेगळे करू लागतात. शेवट ठाऊक नसता तर हा धडा देणे मला अधिक कठीण गेले असते.

लाभांश धोरणासाठी इन्फोसिसची २०१७ ची बायबॅक (कंपनीने स्वतःचेच समभाग परत विकत घेणे) आहे: प्रतिसमभाग १,१५० रुपये, एकूण १३,००० कोटी. बायबॅक आणि लाभांश यांच्या करांचे नियम २०१९, २०२० आणि २०२४ मध्ये बदलत गेल्याने तोच हिशेब वेगवेगळ्या वर्षांच्या नियमांनी करून पाहता येतो.

एक राबतो आणि चौघे सह्या करतात, ही आपली तक्रार रास्त आहे. गटाला एकच गुण सरसकट देणाऱ्या वर्गात तसे हमखास होते. आमच्याकडे गटाची पहिली बैठक होण्याआधी प्रत्येकाला दोन पानांचे स्वतःचे टिपण द्यावे लागते आणि त्याचे गुण वेगळे असतात. सादरीकरणात कोणता भाग कोणी मांडायचा, हे गट ठरवत नाही, मी आयत्या वेळी ठरवतो. गटात बसून राहणे यामुळे अशक्य होत नाही, पण महाग पडते.

इंग्रजी सफाईने बोलणारेच अशा वर्गात पुढे जातात, असेही आपण ओघात म्हटले आहे. आमच्याकडे तालुक्याच्या गावांतून, मराठी माध्यमातून आलेली मुले पुष्कळ आहेत. गटांची चर्चा मराठीतच चालते आणि सादरीकरणानंतरची प्रश्नोत्तरेही मराठीत करण्याची मोकळीक आहे. धंदा घरातच पाहिलेला मुलगा उधारी आणि साठ्याविषयी जे प्रश्न विचारतो, ते शहरातील मुलांना अनेकदा सुचतही नाहीत. त्याला इंग्रजीपायी गप्प बसवणे ही विषयाचीच हानी आहे.

मोठ्या कंपन्यांऐवजी मध्यम उद्योगाचा खराखुरा कर्जप्रस्ताव, नावे काढून, वर्गाला द्यावा, ही आपली सूचना मला मनापासून आवडली. ते प्रकरण आपणच निवडून दिलेत तर आनंद होईल. त्यात मागील तीन वर्षांचे ताळेबंद, येणेकऱ्यांचा वयवार तपशील (कोणाकडची रक्कम किती दिवस थकली आहे) आणि प्रवर्तकाने दिलेले विक्रीचे अंदाज असावेत. मंजुरीचा शेरा मात्र वेगळ्या पाकिटात ठेवावा, आणि शक्य झाल्यास सादरीकरणाच्या दिवशी समितीच्या खुर्चीत आपण स्वतः बसावे.