ताईच्या मोबाइलवर आलेलं 'भयानक सत्य'

रात्री पावणेअकराला ताईचा फोन आला. एवढ्या उशिरा तिचा फोन म्हणजे अण्णांचं काहीतरी, म्हणून मी उचलता उचलताच पायानं चप्पल चाचपली. तर ताई दबक्या आवाजात विचारते, "ते गर्भाशयाचं खरं असतं का रे?"

माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, पुण्यात नोकरीला आहे. सुट्ट्या साठवून ती थायलंडला जाते आणि विमानातून उड्या मारायला, म्हणजे स्कायडायव्हिंग, शिकते. घरात याची सवय होत आली होती. तेवढ्यात आमच्या बार्शीच्या आत्यानं फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला: "आकाशातून उड्या मारणाऱ्यांचे भयानक सत्य, प्रत्येक आईवडिलांनी वाचावे". वर व्हिडिओ. पंखांचा सूट घातलेला माणूस कड्यावरून झेपावतो, दरीतून सुसाट जातो आणि खडकावर आदळतो. खाली सात मुद्दे, हात जोडल्याचे डझनभर इमोजी, "अमेरिकेतील डॉक्टरांचे मत" आणि शेवटी "२१ जणांना पाठवा". आत्यानं बहुतेक एकवीस जणांना पाठवलाही, कारण दुसऱ्या दिवशी इथं सोलापुरात सात रस्त्याच्या टपरीवर दोघांनी तो मलाच दाखवला.

सातही मुद्द्यांना सारखा वेळ द्यावा अशी त्यांची लायकी नाही. पाचव्यापासून सुरू करतो, फोन त्याच्यासाठीच आला होता.

"मुलींनी उंचावरून उडी मारल्यास गर्भाशय जागेवरून सरकते व पुढे मूल होत नाही."

कुठला डॉक्टर? नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही. लिहिणाऱ्याला छत्री, म्हणजे पॅराशूट, कशी उघडते हेही ठाऊक नसावं. ती फटकन उघडत नाही, मुद्दाम उघडू दिली जात नाही. तिच्या दोऱ्यांवर स्लायडर नावाचा कापडाचा एक चौकोन असतो. तो दोऱ्यांवरून खाली घसरत येतो तसतशी छत्री फुलत जाते आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा वेग काही सेकंदांत उतरतो. ताण येतो तो मांड्यांवरच्या आणि खांद्यांवरच्या पट्ट्यांवर. आणि गर्भाशय म्हणजे खुंटीला अडकवलेली पिशवी नव्हे, की हिसका बसला आणि निसटली. स्नायूंनी आणि बंधांनी ते ओटीपोटात धरून ठेवलेलं असतं.

'अंग बाहेर येणं' हा त्रास मात्र खरा आहे, आणि बायका तो वर्षानुवर्षं लपवतात. तो येतो लागोपाठच्या बाळंतपणांनी, ओझी उचलून, जुनाट खोकल्यानं, वाढत्या वयानं. ओली बाळंतीण घागरी उचलायला लागते तेव्हा, किंवा बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बाईसाठी, असा मेसेज एकवीस जणांना गेल्याचं मला आठवत नाही.

बरं, उदाहरण हवं तर लांब अमेरिकेत कशाला जायचं? पुण्याच्या शीतल महाजन. २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी, २००६ साली दक्षिणेकडे अंटार्क्टिकावर, २०११ साली पद्मश्री. त्यांना जुळी मुलं आहेत, आणि ती या उड्यांच्या नंतरची. एक सोडून दोन! मी हे ताईला सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "थांब, आत्याला टाकते."

यात अर्धा दाणा खरा आहे, तोही सांगून टाकतो. गरोदर बाईला उडी मारू देत नाहीत. बरोबरच आहे. पण गरोदरपणी झोपाळ्यावर उभं राहून झोके घेऊ नकोस असं आपणही सांगतो, म्हणून कुणी मुलींचे झोपाळे काढून टाकत नाही. आणि बाईचं शरीर हे कारण पुढं करणारे फक्त आपल्याकडंच नाहीत. बर्फावरच्या उतारावरून झेप घेण्याचा स्की जंपिंगचा खेळ पुरुषांसाठी १९२४ सालापासून ऑलिम्पिकमध्ये होता. बायकांना २०१४ साली प्रवेश मिळाला. त्याआधी, २००५ साली, या खेळाच्या जागतिक संघटनेचा अध्यक्ष वैद्यकीय दृष्टीनं हे बायकांना योग्य वाटत नाही असं बोलला होता. आत्या निदान बार्शीच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून बोलते.

चिडायचं कारण वेगळं आहे. भाचीचं बघायचं चाललंय. एका स्थळाकडून "मुलगी उड्या मारते म्हणे" एवढंच विचारून झालं आणि पुढं फोन नाही. तो मेसेज त्यांच्याकडंही गेला होता का, मला सांगता येणार नाही. पण ताईनं मनात ती जोडणी केलीय, आणि आता ती काढायला पद्मश्रीसुद्धा पुरणार नाही.

आता पहिला मुद्दा. "दर दहापैकी एक उडी जीवघेणी ठरते."

अमेरिकेत युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन ही उडी मारणाऱ्यांचीच संघटना आहे. ती दरवर्षी मृत्यूंचा हिशेब जाहीर करते, कोण कसं चुकलं यासकट. २०२३ साली तिथं साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त उड्यांमागं एक. आत्याच्या हिशेबानं गेलं तर एकट्या अमेरिकेत त्या वर्षी साडेतीन लाखांहून जास्त मुडदे पडायला हवे होते. २०११च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. तीन वर्षांच्या आत अख्खं शहर रिकामं झालं असतं, जुळे सोलापूर हे उपनगर धरून.

दहा माणसं ही दहा घरं आहेत, ते मला कळतं. शिवाय हा हिशेब एका उडीचा आहे. भाचीनं वर्षाला शंभर उड्या मारल्या तर तो साडेतीन हजारांत एक असा होतो, आणि तो आकडा मला आवडत नाही. त्यातली मेख अशी, की बरेच मृत्यू छत्री न उघडल्यानं होत नाहीत. पूर्ण उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली, जमिनीजवळ जोरात वळण घेण्याच्या नादात होतात, आणि त्यात अनुभवी माणसं असतात. नवशिक्याला मोठी, संथ छत्री देतात. हे मी भाचीला तीनदा ऐकवलंय. तिनं मला चारदा.

मग व्हिडिओतला तो माणूस? तो स्कायडायव्हिंग करतच नव्हता. विमान कुठं दिसलं त्यात? त्याला बेस जंपिंग म्हणतात: इमारत, अँटेना, पूल आणि कडा या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. दोन्ही एकच म्हणणं म्हणजे एसटी आणि मौत का कुआँ एकच म्हणण्यासारखं आहे, चाकं दोन्हीकडं असतात म्हणून.

इथं मात्र आत्याच्या बाजूनं बोलावं लागतं. बेस जंपिंग खरंच जीव घेतं. नॉर्वेतल्या शेराग नावाच्या कड्यावरचा अभ्यास आहे: १९९५ ते २००५ या काळात २०,८५० उड्या, नऊ मृत्यू. दर २,३१७ उड्यांमागं एक, आणि त्या सगळ्या काही पंखांच्या सूटातल्या नव्हत्या. हा प्रकार नावारूपाला आणणारा कार्ल बोनिश १९८४ साली नॉर्वेतच, ट्रोल भिंत म्हणतात त्या कड्यावरून उडी मारताना गेला.

फरक कशात आहे ते सोलापूरकराला चटकन कळेल. विमानतळासाठी २०२३च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, ती आठवते? उंची सुमारे ९० मीटर, म्हणजे तीनशे फूट. तिच्या टोकावरून सोडलेला दगड चार-सव्वाचार सेकंदांत खाली. एवढ्या उंचीवरून बेस जंपिंग करणाऱ्याला तेवढ्याच वेळात सगळं उरकायचं असतं, आणि त्याच्या पाठीवर छत्री एकच असते. दुसरी उघडायला वेळच नाही, मग न्यायची कशाला? विमानातून उडी मारणारा तेरा हजार फुटांच्या आसपास बाहेर पडतो, मिनिटभर पडतो आणि नवशिका असेल तर तीन हजार फुटांच्या वरच छत्री उघडतो. म्हणजे दहा चिमण्या एकावर एक ठेवल्या तरी त्याच्या पायाखालीच.

तिसरा मुद्दा होता, "पातळ नायलॉनचे कापड, एक भोक पडले की खेळ खल्लास". हे सोलापुरात पाठवायचं धाडस केलं त्याबद्दल अभिनंदन. भाचीनं मागच्या खेपेला थायलंडमधल्या कारागिराकडून जुन्या छत्रीचा तळहाताएवढा तुकडा आणला होता. अण्णांनी चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढलीत. त्यांनी तो तुकडा खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर ढकलला, अंगठ्याखालून सरकवला. कापडात बारीक चौकड्या दिसतात, दर काही धाग्यांमागं एक जाड धागा, उभा आणि आडवाही. मग त्यांनी खिळा मागितला. खिळ्यानं भोक पडलं. दोन्ही हातांनी भोकापासून फाडायला गेले तर चीर पुढच्या जाड धाग्यापर्यंत गेली आणि अडली. पुन्हा ओढलं. अडली. अण्णा म्हणाले, "वीण बरी आहे." उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या मागाचं याहून जास्त कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि हीच छत्री उघडली नाही तर दुसरी असते, परवाना असलेल्या माणसानं घडी घातलेली. माणूस बेशुद्ध पडला तर? १९९१ सालापासून एक छोटं यंत्र मिळतं. जमीन सव्वादोनशे मीटरवर आली तरी माणूस दगडासारखा पडतोय असं त्याला कळलं, की तेच दुसरी छत्री सोडतं.

"हे मनोरुग्ण असतात, त्यांना मरायचेच असते." टपरीवर एकानं हेच ऐकवलं, "भाची येडी हाय का बे तुझी?" त्याला मी भाचीनं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. उडीचा नव्हे, घडीचा. पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर छत्री पसरलीय. ती एकेक दोरी तपासते, कापडाच्या पट्ट्या लावते, मग अख्खी अंगानं त्याच्यावर आडवी पडते, आतली हवा निघावी म्हणून. पिशवीत कोंबताना एक बाजू सुटते. पुन्हा पहिल्यापासून. घामानं केस कपाळाला चिकटलेत. पंचवीस मिनिटं. नंतर एक मुलगा येऊन तिच्या पाठीवरची पिन बघतो, ती त्याची बघते. मरायचं असलेला माणूस इतक्या घड्या घालत नाही. टपरीवाल्यानं पाचव्या मिनिटाला फोन परत दिला, कंटाळून.

उरलेले पटापट. "पडताना श्वास बंद होतो, जमिनीआधीच हृदय थांबते": पडताना श्वास घेता येतो, नवशिके घाबरून धरून ठेवतात, म्हणून त्यांना ओरडायला सांगतात. "अवकाशातून उडी मारणारा शेवटी पडून मेलाच": फेलिक्स बाउमगार्टननं २०१२ साली ३९ किलोमीटरवरून उडी मारली आणि नीट उतरला. २०२५च्या जुलैमध्ये तो इटलीत गेला, इंजिन लावलेलं पॅराग्लायडर उडवताना. वाईट झालं, पण तो वेगळा खेळ. "आपल्या संस्कृतीत बसत नाही": शीतलताईंनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारलीय. निऱ्या कशा सांभाळल्या, हे मला अजून कोडं आहे.

हे सगळं मी काल ग्रुपवर टाकलं. आत्यानं वाचलं, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. भाचीनं बदाम टाकला. रात्री ताईनं तिला एवढंच विचारलं: "उतरताना पायात कुठले बूट असतात तुझ्या?" तिनं बुटांचा फोटो पाठवला. डाव्याचा तळ सुटत आलाय. ताई आज नवी पेठेत गेलीय.